छोटा कॅमेरा आणि संध्याकाळची कबड्डी

‘फोटोग्राफी’ या शब्दाचे मराठीकरण करताना आपल्या पूर्वसूरींनी मोठी गंमत केली आहे. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘प्रकाशाने केलेले लेखन’ असा. १८३९ साली सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने तो शब्द प्रचारात आणला. आपण मात्र त्याला प्रकाशचित्र म्हणण्याऐवजी ‘छायाचित्र’ म्हटले. इंग्रजाला उजेड दिसला, आपल्याला सावली दिसली! आणि ‘कॅमेरा’ हा शब्द तर याहूनही अंधारा. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ नुसती ‘खोली’. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हणजे अंधारी खोली. तिच्या भिंतीला एक लहानसे छिद्र पाडले की बाहेरचे जग समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. तेव्हा अंधार हा कॅमेऱ्याचा परका नव्हे, घरचाच माणूस. असे असूनही दिवेलागण झाली की आमचे कॅमेरे रुसून का बसतात, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारला आहे, की यंदाच्या दिवाळी अंकातले हे सदर त्यालाच वाहावे असे ठरवले.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न अंमळ जास्तच पडतो. कारण आमच्याकडे पाहण्याजोगे जे जे काही घडते, ते बहुधा दिवस मावळल्यावर. आमचा दसरा घ्या. म्हैसूरच्या दसऱ्याशी त्याची तुलना करण्याचा आम्हां हिंगोलीकरांना जन्मसिद्ध हक्क आहे! दीडशेहून अधिक वर्षांची त्याची परंपरा. रामलीला मैदानावर रात्री रामलीला चालायची आणि शेवटी रावण जळायचा, तोही काळोखातच. नर्सीला, नामदेवरायांच्या गावी, कीर्तन रंगते ते रात्री. वसमतेकडे हळद शिजवण्याचे दिवस आले की पहाटेच्या अंधारात वाफेचे लोट उठतात आणि त्या वाफेत माणसे सावल्यांसारखी हलतात. औंढ्याला नागनाथाच्या देवळात बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे उन्हात लखलखतात, पण सभामंडपात पाऊल टाकले की डोळ्यांनाच सरावायला घटकाभर लागतो. मग बिचाऱ्या यंत्राची काय कथा! (गाभाऱ्यात, त्या अरुंद पायऱ्या उतरून गेल्यावर, कॅमेऱ्याचा विचारही करू नये. तेथे हात जोडण्यासाठी मोकळे हवेत.) आणि कबड्डीचे सामने? तेही उन्हे कलल्यावर सुरू होतात आणि दिव्यांखाली संपतात.

या कबड्डीनेच आजचा विषय सुचवला. आमच्या गल्लीत एक वहिनी राहतात. यजमान कचेरीत नोकरीला, वहिनी घरी शिकवण्या घेतात. थोरली मुलगी बारावीला, शाळेपासून कबड्डी खेळते, आणि चढाईला गेली की समोरच्या संघाची तारांबळ उडवते. घरात आजी आहेत. त्यांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपासून असहकार पुकारलेला, त्यामुळे मैदानापर्यंत जाणे बंद. नातीचा खेळ त्यांना दिसतो तो फक्त फोटोत. आणि फोटो कसे? दिव्यांखाली फोनवर काढलेले. त्यात मैदान स्वच्छ, पंच स्वच्छ, मागची कापडी जाहिरात तर अक्षर न् अक्षर स्वच्छ. पण धावणारी मुलगी म्हणजे ओल्या फडक्याने पुसल्यासारखा एक निळा पट्टा. आजी फोटो डोळ्यांजवळ नेऊन विचारतात, “यातली आपली कोणती?”

पुढच्या वर्षी मुलगी शिकायला परगावी जाणार. म्हणजे हाच हंगाम काय तो हाताशी. वहिनींनी शिकवण्यांतून पंचेचाळीस हजार रुपये बाजूला काढले आणि एके दिवशी मला म्हणाल्या, “सर, तुम्ही कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो काढता. मला एक लहानसा कॅमेरा सुचवा. पर्समध्ये मावेल असा हवा, आणि अंधारात पळणाऱ्या मुलीचा चेहरा दिसला पाहिजे. हे म्हणतात, हातात फोन असताना कॅमेरा कशाला? चाळीस-पंचेचाळीस हजारांत घराला रंग होईल.”

यजमानांचे म्हणणे काही वावगे नव्हते. मध्यमवर्गीय घरात पंचेचाळीस हजार म्हणजे हसण्यावारी नेण्याची रक्कम नव्हे. म्हणून आधी फोनचीच बाजू ऐकून घेऊ. आजचा चांगला फोन अंधारात जी करामत करतो ती खरोखर थक्क करणारी आहे. तो एका फोटोच्या जागी झटपट अनेक फोटो घेतो, ते एकावर एक रचतो, आणि त्यांची सरासरी काढून डाग-ठिपके नाहीसे करतो. देवघरातली समई, अंगणातली रांगोळी, गप्प बसलेले आजोबा यांचे फोटो त्यात उत्तम येतात. अट एकच : समोरचा पदार्थ हलता कामा नये. हलला की पहिल्या फोटोतला हात एकीकडे, पाचव्यातला दुसरीकडे; मग यंत्र बिचारे कोणता हात खरा मानणार? समईसाठी फोन पुरे, चढाईसाठी तो अपुरा. हा दोष फोन बनवणाऱ्यांचा नाही, हिशेबाचा आहे.

हा हिशेब एकदा नीट समजला की दुकानातली निम्मी फसवणूक टळते. वाचकांनी कंटाळू नये. तो आपल्या रोजच्या पाणी भरण्याइतकाच सोपा आहे. घागर भरायची तर दोनच गोष्टी हातात असतात : नळ किती मोठा आणि तो किती वेळ सोडायचा. कॅमेऱ्यात नळाच्या जागी भिंगाचे छिद्र असते आणि वेळ मोजणारे शटर असते. तिसरी गोष्ट म्हणजे आयएसओ. ती घागर भरत नाही. अर्धीच भरलेली घागर भरल्यासारखी दाखवते, आणि त्याची किंमत म्हणून चित्रात वाळूसारखे दाणे येतात.

आता धावणारी मुलगी. ती सेकंदाला पाच मीटर वेगाने निघाली आहे असे धरा. शटर एका सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात ती सुमारे सतरा सेंटिमीटर पुढे सरकते. सतरा सेंटिमीटर म्हणजे एक आख्खा चेहरा! मग आजींना नात ओळखू यावी कशी? तेच शटर पाचशेव्या भागात मिटले तर ती सरकते अवघा एक सेंटिमीटर. म्हणून कबड्डीसाठी पाचशेवा भाग हा वेग मनाशी पक्का धरावा. लेझीम-टिपऱ्यांना अडीचशेवा भाग चालेल, आणि उभ्या जागी निरूपण करणाऱ्या कीर्तनकाराला साठावाही पुरेल. मात्र बुवा नाचू लागले की त्यांना कबड्डीचाच नियम लावावा.

येथे एका जाहिरातीपासून सावध राहिले पाहिजे. ‘हात हलला तरी फोटो हलणार नाही’ अशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, आणि ती खरीही असते. पण ती आपला हात सावरते, समोरच्याचा पाय सावरत नाही. आजोबांचा थरथरता हात तिने झाकला जाईल. नातीची धाव तिला थांबवता येणार नाही. ती थांबवतो फक्त शटरचा वेग. तो वेग हवा तर त्या पाचशेव्या भागात भरपूर उजेड आत यायला हवा. त्याला दारे दोनच : मोठे छिद्र आणि मोठा सेन्सर.

छिद्राचे आकडे उलटे चालतात, हे नवख्या माणसाला नेहमी चकवते. एफ/१.८ हे मोठे छिद्र, एफ/५.६ हे लहान. आकडा दुप्पट झाला की उजेड चौथाई होतो. त्या हिशेबाने एफ/१.८चे भिंग एफ/५.६च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत घेते. ज्या मैदानावर पहिल्याला पाचशेवा भाग मिळतो, तेथे दुसऱ्याला पन्नासावाच मिळणार. एकाकडे चेहरा, दुसऱ्याकडे निळा पट्टा.

सेन्सरची कथा पावसात मांडलेल्या भांड्यांसारखी. पागोळ्यांखाली वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाऊस तोच. पण परातीत पाणी जास्त जमते. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत जो सेन्सर असतो त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. त्याच्या वरचा, ज्याला ‘एक इंची’ म्हणतात, तो ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे चौपट. (हे एक इंची नाव म्हणजे शुद्ध फसवणूक! त्याच्या बाजू १३.२ आणि ८.८ मिलिमीटर, त्यात इंच कुठेच सापडत नाही. जुन्या काळच्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांच्या नळीवरून ते नाव चिकटले ते चिकटलेच.) त्याहून मोठा ‘एपीएस-सी’ सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे एक इंचीच्या तिपटीहून अधिक. परात जेवढी मोठी तेवढे दाणे कमी. खोक्यावर ठळक छापलेले मेगापिक्सेल म्हणजे त्या परातीत पाडलेले कप्पे. कप्पे वाढवल्याने पाऊस वाढत नाही.

ज्या जिल्ह्यात औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून प्रकाशकिरण धाडून विश्वातल्या गुरुत्वलहरी मोजण्यासाठी २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले, त्या जिल्ह्यातल्या माणसाने प्रकाशाचा एवढा हिशेब तरी तोंडपाठ ठेवायला काय हरकत आहे?

हलते माणूस टिपण्याची ही हौस आजची नव्हे. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून दौडणारा घोडा टिपला, आणि दौडीत एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात हे जगाला दाखवले. आपल्याकडचे उदाहरण तर याहून जिव्हाळ्याचे. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा फोटोचा व्यवसाय होता. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली; ती पाहून दादांनी विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला. आणि १८९९ साली त्यांनी पहिल्यांदा काय टिपावे? हँगिंग गार्डनवर झालेली पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती! नाटक नाही, मिरवणूक नाही. दोन मराठी मल्लांची झोंबाझोंबी. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. आपल्या मातीतल्या खेळाचा क्षण पकडावा ही इच्छा आपल्याकडे सिनेमापेक्षाही जुनी आहे असे म्हटले तरी चालेल. मात्र सावेदादांच्या माथ्यावर सूर्य होता. आपल्या वहिनींच्या माथ्यावर चार खांबांवरचे दिवे.

अंधाराची वाट उघडली ती जर्मनीत. १९२४ साली तेथे ‘एर्मानॉक्स’ नावाचा एक चिमुकला कॅमेरा आला. त्याचे भिंग एफ/२ एवढे उजळ, आणि पुढे लवकरच एफ/१.८ झाले. एरिक सालोमन नावाच्या गृहस्थाने १९२८ साली तो टोपीत लपवून बर्लिनच्या न्यायालयात नेला आणि चालू खटल्याचे फोटो घेतले. लख्ख दिवा नाही, भपकन उडणारी फ्लॅशची पूड नाही. खोलीत असलेल्या उजेडात, माणसांच्या नकळत. छोटा कॅमेरा, उजळ भिंग आणि जवळ उभे राहण्याचे धैर्य : सालोमनचे हे सूत्र शंभर वर्षे होत आली तरी बदललेले नाही. आपल्याकडे मात्र घराघरांत पोहोचला तो बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक. १२० नंबरची फिल्म, एका गुंडाळीत बारा फोटो. सूर्य पाठीशी घ्या आणि हलू नका, एवढीच त्याची शिस्त. म्हणून तर आपल्या जुन्या अल्बमांतली सगळी माणसे उन्हात डोळे बारीक करून उभी आहेत!

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिले लक्षात घ्यावयाचे ते हे, की छोट्या कॅमेऱ्यांचा बाजारच आटला आहे. जपानच्या कॅमेरा-उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली असे कॅमेरे दहा कोटींहून अधिक बाहेर पडले. २०२३ साली वीस लाखांच्याही आत. फोनने स्वस्त कॅमेरा गिळून टाकला. उरले ते मुख्यतः महाग आणि चांगले. त्यामुळे नवा कॅमेरा घेणाऱ्याने जुन्या-वापरलेल्याचाही विचार करावा. त्यात कमीपणा काही नाही.

उमेदवार तीन जातींचे. पहिली जात लांब झूमची : चाळीसपट, पन्नासपट, चंद्रावरचे खड्डे दाखवणारी. तिचा सेन्सर बहुधा वाटीएवढा, आणि झूम ताणला की भिंगाचे छिद्र बारीक होत जाते. उन्हातल्या पक्ष्यांना ठीक. दिव्याखालच्या कबड्डीला नाही. दुसरी जात एकाच भिंगाची आणि मोठ्या सेन्सरची. २०१९ साली आलेला रिको जीआर-तीन हा त्यातला. खिशात मावतो, भिंग २८ मिलिमीटरचे, एफ/२.८. किंवा २०२४चा फुजीफिल्म एक्स१००-सहा. ३५ मिलिमीटरच्या जोडीचे दृश्य आणि एफ/२. देवळाचा मंडप, बाजार, कीर्तन, घरची पंगत यांना हे कॅमेरे फार सुंदर. पण त्यांत झूम नाही, आणि फुजीफिल्मची किंमत तर वहिनींच्या पुंजीच्या कितीतरी पलीकडची.

तिसरी जात एक इंची सेन्सर आणि उजळ झूम यांची. सोनीने २०१२ साली आरएक्स१०० काढून हिचा पायंडा पाडला. त्या पहिल्या कॅमेऱ्याचे भिंग रुंद टोकाला एफ/१.८, पण झूम पूर्ण ताणला की एफ/४.९, म्हणजे उजेड सातव्या हिश्श्यावर. पुढच्या आवृत्त्यांत झूम आखूड करून ते एफ/१.८ ते २.८ केले. २०१६ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत हलत्या वस्तूचा झटपट पाठलाग करणारा, ‘फेज डिटेक्शन’ पद्धतीचा फोकस आला आणि सेकंदाला चोवीस फोटोंची बरसात आली. कॅननचा २०१९चा जी७-एक्स मार्क तीन याच घरातला, एफ/१.८ ते २.८ आणि झूम थोडा अधिक लांब. पण पाठलागाचा तो खास फोकस त्यात नाही, आणि कबड्डीला तोच हवा.

येथे एक मौज पाहा. सोनीची २०१९ची सातवी आवृत्ती पाचवीहून नवी, महाग आणि फोकसमध्ये अधिक चलाख. परंतु तिचा झूम २०० मिलिमीटरपर्यंत लांबवण्याच्या भरात भिंग रुंद टोकालाच एफ/२.८ झाले; म्हणजे एफ/१.८च्या मानाने उजेड अडीच पटींच्या आसपास कमी. उन्हातल्या खेळांना सातवी सरस, दिव्याखालच्या खेळाला पाचवी. नवे ते चांगले आणि महाग ते उत्तम हा नियम साड्यांच्या दुकानातही नेहमी खरा ठरत नाही. मग कॅमेऱ्याच्या दुकानात तरी का ठरावा?

“पण सर, २०० पर्यंतचा झूम नको का?” वहिनींनी विचारले. मी कागदावर मैदान काढले. मुलींचे कबड्डीचे मैदान १२ बाय ८ मीटर. पंचांना विचारून कडेला, रेषेबाहेर बसायला मिळाले, तर चढाई आपल्यापासून सहा-सात मीटरवर घडते. सहा मीटरवरून ७० मिलिमीटरच्या झूमला सुमारे तीन मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत येतो. एक चढाईपटू आणि तिच्यावर झेप घेणाऱ्या दोघी नेमक्या मावतात. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून फलंदाज पकडायचा असता तर गोष्ट वेगळी होती. तेथे छोटा कॅमेरा न्यावाच कशाला? भिंगे बदलणारा मोठा कॅमेराच न्यावा. पण कबड्डी हा जवळचा खेळ आहे. श्वास ऐकू येईल इतका जवळचा. त्याला जवळचे भिंगच शोभते.

एका रविवारी आम्ही चौघे, म्हणजे वहिनी, यजमान, मुलगी आणि मी, नांदेडला एका दुकानात गेलो. दुकानदार सज्जन, पण त्यांनी प्रथम लांब झूमचाच कॅमेरा पुढे केला आणि समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवली. मी म्हटले, पाटी पळत नाही. आम्ही स्वतःचे मेमरी कार्ड नेले होते. दुकानाच्या मागे कोठाराची एक अर्धवट उजेडाची वाट होती. फ्लॅश बंद केला, शटर पाचशेव्या भागावर ठेवले, आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवला आणि मुलीला त्या वाटेने धावायला सांगितले. तीन कॅमेरे, प्रत्येकाला तीन धावा. दुकानातली गिऱ्हाइके पाहत राहिली. मग तिन्ही कार्डांतले फोटो पडद्यावर मोठे करून शेजारी शेजारी लावले. लांब झूमचा कॅमेरा दाण्यांनी भरून गेला होता, जणू तांदूळ सांडले. नव्या एक इंची कॅमेऱ्याचा फोटो चांगला, पण किंमत ऐकून यजमानांनी खुर्ची शोधली. तिसरा वापरलेला, पाचव्या आवृत्तीचा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. त्याच्या तिसऱ्या धावेत मुलीच्या कपाळावरची बट वेगळी दिसत होती. यजमान बराच वेळ त्या बटेकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, “याचं बिल करा.” जादा बॅटरी धरूनही पैसे पंचेचाळीस हजारांच्या आत बसले.

जादा बॅटरीवर वाचकांनीही काटकसर करू नये. हे चिमुकले कॅमेरे एका बॅटरीत अडीचशेच्या आसपास फोटो देतात, आणि नेमक्या अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात माना टाकतात.

घरी आल्यावर मी त्यांना चार गोष्टी सांगितल्या. त्या येथेही नोंदवतो. पहिली : बटण अर्धे दाबून ठेवण्याची सवय करावी. कॅमेऱ्याला फोकस लावायला जो क्षण लागतो, तो आधीच खर्च करून टाकावा. मग उरलेले अर्धे दाबताच फोटो निघतो. चढाईपटू मध्यरेषा ओलांडते तेव्हाच अर्धे बटण दाबलेले असावे. दुसरी : खेळाडू क्षणभर थांबतो तो क्षण ओळखावा. निदान रेषेपलीकडे पाय टाकून परत वळताना, उडीच्या शिखरावर, पकडीत अडकल्यावरच्या पहिल्या झटक्यात देह निमिषमात्र स्थिर होतो. नामदेवरायांची पालखी पंढरीला निघते तेव्हा रामलीला मैदानावर रिंगण होते. त्यात धावणारा अश्वही असाच क्षणभर हवेत टांगलेला दिसतो. डोळ्याला तो क्षण ओळखता आला की साधा कॅमेराही शहाणा होतो.

तिसरी गोष्ट दिव्यांची. आपल्याकडची वीज पन्नास आवर्तनांची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण पाचशेव्या भागाच्या शटरला कळते. एक फोटो उजळ, तर लगेचचा काळपट निघतो. घाबरू नये, ओळीने आठ-दहा फोटो घ्यावेत आणि उजळ तेवढे ठेवावेत. मात्र ‘इलेक्ट्रॉनिक शटर’ची आवाजरहित सोय अशा दिव्यांखाली बंद ठेवावी, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे उमटतात आणि धावणाऱ्याचे पाय तिरपे होतात. चौथी गोष्ट फ्लॅशची : लावू नये. त्या इवल्याशा दिव्याचा प्रकाश तीन-चार मीटरपलीकडे पोहोचता पोहोचता मरतो, आणि तेवढ्यातही खेळणाऱ्या मुलीचे डोळे दिपवून तिचा पाय चुकवू शकतो. फोटोपायी कुणाचा घोटा मुरगळावा हे कोणत्या शास्त्रात बसते?

आणि दाण्यांना भिऊ नये. आयएसओ ३२०० वर गेला की चित्रात थोडी वाळू येणारच. वाळू आलेला चेहरा ओळखू येतो. पुसलेला चेहरा ओळखू येत नाही.

पंधरा दिवसांनी सामना झाला. वहिनींनी सहाशे फोटो काढले; त्यांतले साडेपाचशे निरुपयोगी. हे प्रमाण कसलेल्या छायाचित्रकारालाही लाजिरवाणे नाही, हे मी त्यांना आवर्जून सांगितले. उरलेल्यांतले बारा छापून आणले आणि आजींच्या हातात दिले. आजींनी एकेक फोटो पाहिला. एका फोटोत मुलगी दोघींच्या पकडीतून निसटून मध्यरेषेकडे हात टाकते आहे. दात आवळलेले, वेणी हवेत. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. आम्हांला वाटले, गहिवरल्या असतील. मग चष्मा सारखा करून त्या कडाडल्या, “अगं, हिच्या गुडघ्याला एवढं खरचटलंय आणि मला कुणी सांगितलं नाही? हळद लावली का नाही?”

फोनच्या फोटोत गुडघाच नव्हता. खरचटणे कोठून दिसणार? घराचा रंग लांबला आहे. यजमान त्याबद्दल बोलत नाहीत, आणि मैदानावर कॅमेऱ्याची पिशवी आता तेच सांभाळतात.

वाचकहो, येत्या चार दिवसांत आपणही फोटो काढाल. म्हणून जाता जाता पणत्यांपुरते थोडे. पणतीचा फोटो फ्लॅशने काढणे म्हणजे तिच्यावर बादलीभर पाणी ओतणे होय. ज्योत दिसते ती भोवतीच्या अंधारामुळे. म्हणून कॅमेऱ्याचा उजेड एक-दोन पायऱ्या खाली आणावा, अधिक-वजा असे चिन्ह असलेले बटण त्यासाठीच असते. रांगोळीसाठी कॅमेरा पाटावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा, फोनही चालेल. लहान मूल फुलबाजी फिरवीत असेल तर दोन फोटो घ्यावेत : एक मंद शटरने, म्हणजे प्रकाशाचे वर्तुळ येईल; दुसरा जलद शटरने, म्हणजे मुलाचा चेहरा येईल. वर्तुळ सगळ्यांना दाखवा, चेहरा अल्बममध्ये ठेवा. आणि घरात कुणी वडीलधारे उंबऱ्याआतूनच दिवाळी पाहत असतील, तर पहिला फोटो त्यांनाच दाखवा. त्यांना त्यात काय दिसेल, हे आपल्याला आधी सांगता येत नाही.